बॉल तेल किती पितो

सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूर स्टेशनवर, हुतात्मा एक्स्प्रेस लागलेली असताना, सामान तपासणीच्या मशिनवर माझी बॅग अडकली. पडद्यावर काळाकुट्ट गोळा आणि त्यात तीन भोकं.

"काय हाय हे?"

"बॉल आहे साहेब. बोलिंगचा."

"बोलिंगचा? एवढा?"

सोलापुरात बोलिंग म्हटलं की क्रिकेटचं पार्क स्टेडियम आठवतं, त्यात त्या हवालदाराची चूक नव्हती. बॅग उघडून दाखवली. त्याने दोन्ही हातांनी बॉल उचलला, "आयला!" म्हणाला आणि हळूच परत ठेवला. पंधरा पाउंड म्हणजे पावणेसात किलोच्या वर भरतो तो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला एका गेम झोनमध्ये गेलो, तिथे दहा बाटल्या पाडायचा हा खेळ पहिल्यांदा खेळलो आणि अडकलो. तिथले बॉल प्लॅस्टिकचे, कुणाच्याही बोटांत बसावेत म्हणून भोकं ढगळ. अंगठा सुटू नये म्हणून मूठ आवळायची आणि मग मनगट दुखत घरी यायचं. तरी कधीमधी दीडशे गुणांच्या आसपास जायचो. मग डोक्यात आलं की स्वतःचा बॉल हवा.

सोलापुरात बॉलला भोकं पाडून देणारा कुणी मला सापडला नाही. उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला गेलो. तिथल्या दुकानदाराने आधी माझा हात मापला. अंगठ्यापासून मधल्या दोन बोटांपर्यंतचं अंतर, बोटांची जाडी, अंगठा किती वाकतो, सगळं. मधली दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातील अशी भोकं पाडली. गेम झोनच्या बॉलमध्ये ती दुसऱ्या पेरापर्यंत जातात. पहिल्या पेराने धरलं की सोडताना बोटं बॉलला फिरकी देतात. बॉल घेतला रिअॅक्टिव्ह रेझिनचा, मंद काळा, चकाकी अजिबात नाही. पैसे किती गेले ते आईला अजून खरं सांगितलेलं नाही.

परत येऊन टाकला तर अर्ध्या वाटेवरच डावीकडे वळायला लागला. मी उजव्या हाताने टाकतो, म्हणजे तो डावीकडेच वळणार, पण इतका? पहिली बाटली ओलांडून पार पलीकडे. दहा फ्रेममध्ये, म्हणजे एका गेमच्या दहा डावांत, चार वेळा डाव्या गटारात, म्हणजे कडेच्या खाचेत. कोपऱ्यात बसलेली कॉलेजची पोरं प्लॅस्टिकच्या बॉलने माझ्यापेक्षा जास्त पाडत होती.

कारण लेनमध्ये, म्हणजे बॉल जातो त्या वाटेत होतं. फाउल लाइन, म्हणजे टाकताना ओलांडायची नाही ती रेघ, तिथपासून पहिल्या बाटलीपर्यंत साठ फूट. या लेनवर पातळ तेल लावतात. मूळ हेतू लेनचा पृष्ठभाग घासला जाऊ नये हा, पण खेळ सगळा त्या तेलावर ठरतो. तेलावर बॉल घसरत जातो, तेल संपलं की पकडतो आणि वळतो. आमच्या गेम झोनमध्ये तेल नावालाच. बॉल हातातून सुटल्या सुटल्या जमीन पकडायचा.

हे मला समजलं कारखान्यात. नवा टॉवेल पाणी पीत नाही, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. खळ आणि सॉफ्टनर असतो तोवर पाणी वरच्या वर ओघळतं. दोन धुण्यांनंतर लूप मोकळे होतात आणि मग तो पितो. रिअॅक्टिव्ह बॉलच्या कातडीला तशीच सूक्ष्म छिद्रं असतात. बॉल खरबरीत असेल तर तेलातही पकड घेतो, गुळगुळीत असेल तर घसरत जातो. मी बॉल नेऊन आमच्या जॉबर अण्णांच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या अण्णांच्या, हातात दिला. मागावरच्या खरबरीत एमरी रोलरवर हात फिरवतात तसा त्यांनी फिरवला आणि म्हणाले, "ह्याला दात हायत की रे. दात काढ."

दात काढले. गाडीला लावतात ते पॉलिश आणलं आणि जुन्या टेरी टॉवेलने तासभर घासलं. बॉल आरशासारखा झाला. गेम झोनमध्ये आता तो निम्म्याहून जास्त लेन सरळ जाऊन मग वळायचा, बरोबर पहिल्या आणि तिसऱ्या बाटलीच्या मधल्या फटीत. महिनाभरात एकदा १९२ केले. आता आपल्याला जमलं, असं वाटलं. याच मस्तीत पुण्यातल्या एका खुल्या स्पर्धेत नाव घातलं.

तिथे भिंतीवर कागद लावलेला: तेल ४२ फुटांपर्यंत. शेजारच्या लेनवरच्या काकांनी मला एक हिशोब सांगितला. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा. ४२ वजा ३१, अकरा. तेल संपेल तिथे बॉल साधारण अकराव्या पट्टीवर असला पाहिजे. लेन शेजारी शेजारी लावलेल्या ३९ उभ्या पट्ट्यांची असते, आणि उजव्या हाताचा खेळाडू उजवीकडून मोजतो.

हिशोब कळला, पण बॉल आरसा होता. ताज्या तेलावर तो काचेवरून गेल्यासारखा गेला, वळलाच नाही. पहिल्या बाटलीच्या उजव्या अंगाला नुसता चाटून जायचा. त्यात एसी इतका गार की सोलापूरच्या उकाड्यात घट्ट बसणारा अंगठा ढिला पडला आणि दोनदा बॉल हातातून आपटला. पहिला गेम १२१.

स्पर्धा सुरू झाल्यावर बॉलला पॉलिश पेपर लावून घासता येत नाही. मग बदलायचं काय? काकांनीच सांगितलं, "पाय बदल." बॉल उजवीकडे चुकतोय तर उभं राहायची जागा उजवीकडे ने, नेम तोच ठेव. मला उलटं वाटलं. पण नेमाची खूण लेनवर पुढे, जवळजवळ पंधरा फुटांवर असते. पाय उजवीकडे नेले आणि खूण तीच ठेवली, की बॉल तिरका होऊन पुढे जास्त डावीकडे पोहोचतो. दोन पट्ट्या सरकलो. अंगठ्याच्या भोकात टेपचे दोन तुकडे चिकटवले. पाय जरा हळू टाकले, म्हणजे बॉलला पकडायला वेळ मिळाला. दुसरा गेम १४३.

तिसऱ्या गेमपर्यंत लेन बदलली होती. इतके जण एकाच रेषेतून टाकत होते की तिथलं तेल बॉलांनी पिऊन नेलं. बॉल आता लवकर पकडून डावीकडे जायला लागला. म्हणून पाय डावीकडे, एकेक पट्टी. दर वेळी बॉल पुसत होतो. तेलाची कडी बॉलवर स्पष्ट दिसते, ती पुसली नाही तर पुढचा बॉल वेगळा वागतो. इथे एक कबुली: चादरीसारखाच आमच्या टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण तेल पुसायला मायक्रोफायबरचं फडकंच चांगलं. कारखान्यात हे मी मोठ्याने बोलत नाही. तिसरा गेम १६८. बक्षिसाच्या आसपासही नव्हतो.

काकांनी जाताना सांगितलं की बॉल दोन हजारच्या पॅडने घास. आकडा जितका मोठा तितकं ते बारीक. माझ्याकडे पॅड कुठलं? घरी येऊन रंगकाम करणाऱ्या गॅरेजमधून वॉटर पेपर आणला. दोन हजारचा नव्हता, ४००चा होता. तोच लावला, तोही कोरडाच आणि एकाच बाजूने. दुसऱ्या दिवशी गेम झोनमध्ये बॉल एकदा असा तर एकदा तसा जात होता. पोहोचायच्या आतच दमायचा आणि बाटल्यांवर जोर नसायचा. मग दोन हजारचा मागवला. बॉल पाणी लावून, फिरवत फिरवत चारही बाजूंनी सारखा घासला, आधीचे ४००चे ओरखडे जाईपर्यंत. दोन संध्याकाळ गेल्या.

आता दोन बॉल आहेत. गेम झोनसाठी आणि एखादी उरलेली बाटली सरळ पाडायला स्वस्त प्लॅस्टिकचा. बाहेर जाताना काळा, दोन हजारवर. पुढच्या वेळी काय करायचं ते बॅगेच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलंय: सरावात आधी बॉल कुठे वळतो ते बघ, मग पाय.

मे महिन्यात काळा बॉल माळ्यावर पत्र्याखाली राहिला होता. काढला तर अंगावर घामासारखे थेंब. पाणी नव्हतं ते, लेनवरचं प्यायलेलं तेल उन्हाने बाहेर आलं होतं. पुसून घेतलं, पण इतक्या उष्णतेत बॉल तडकूही शकतो. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीशेजारी असतो. तिथे गार असतं. आई त्याच्यावर कधीकधी परात वाळत घालते.