वीतभर वरून कापणी

मे महिन्याचा शेवट म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये बेलरची, म्हणजे वाळल्या चाऱ्याच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रांची, रांग. अमेरिकेत, मिझुरी राज्याच्या नैऋत्य भागात, ओझार्कच्या टेकड्यांच्या कडेला मी शेतीयंत्रं दुरुस्त करतो. त्या दिवसांत मध्येच दुसरं काम घुसलेलं मालकाला खपत नाही. पण सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा तोही हात पुसत बाहेर आला. मागे १९५० च्या दशकातला सात फुटी सिकल-बार मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, होतं. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली पाण्याच्या पाइपाचे तुकडे पायासारखे वेल्ड केलेले, आणि लाकडी पिटमन मधोमध चिरलेला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रॅक्टरच्या बाजूला जमिनीलगत एक लांब पट्टी असते. तिच्यावर पुढे टोकदार लोखंडी बोटं, आणि त्या बोटांच्या फटीतून तिकोनी पात्यांची सुरी डावी-उजवी सरकत राहते. चाकाची गोल गती सुरीपर्यंत आडवी करून पोचवणारा दांडा म्हणजे पिटमन. ओबेद हसीने १८३३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या कापणीयंत्रात कापण्याची रीत मुळात हीच होती. पट्टीची दोन्ही टोकं ‘शू’वर, म्हणजे खालच्या लोखंडी बुटांवर, घसरत जातात आणि त्यांचा तळ वरखाली करून कापणीची उंची ठरते. ती मिळते फार तर दोन-तीन इंच, कारण यंत्र वाळला चारा करण्यासाठी बनलेलं. तिथे जेवढं खालून कापाल तेवढं पदरात पडतं.

म्हातारबुवांना मात्र नऊ-दहा इंच उंची हवी होती. मी मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडे वैरण बुडख्यातून कापायची; वीतभर उभी ठेवून कापली असती तर आजीने विळाच काढून घेतला असता. पण इथलं गवत फेस्क्यू, तेही ‘केंटकी ३१’. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगरउतारावर सापडलेलं आणि १९४३ मध्ये वाण म्हणून शेतकऱ्यांना दिलेलं. दुष्काळ सोसतं, खुरांखाली टिकतं, म्हणून सगळीकडे पसरलं. त्याच्या आत एक बुरशी राहते, आणि गुरांना होणारा त्रास तिच्यामुळे आहे हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. तिच्यातल्या द्रव्यांनी जनावराच्या रक्तवाहिन्या आकसतात. उन्हाळ्यात गुरं अंगातली उष्णता बाहेर टाकू शकत नाहीत, चरायचं सोडून दिवसभर तळ्यात उभी राहतात. थंडीत खूर आणि शेपटीची टोकं झडण्यापर्यंत मजल जाते. हे विष सगळ्यात जास्त बियांच्या तुऱ्यांत साठतं. म्हणून तुरे उडवायचे, खालची पानं आणि पांढरा क्लोव्हर (गवतात उगवणारा तीन पानांचा चारा) गुरांसाठी उभा ठेवायचा, असा म्हातारबुवांचा हिशोब. तो बरोबरच होता.

रोटरी मोअरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याच्या यंत्राने, का नाही, असं मालकाने विचारलं. ते म्हणाले, तो गवत चेचतो, ढीग टाकतो, त्याखाली क्लोव्हर गुदमरतो, आणि डिझेल पितो ते वेगळंच. माझं मतही तेच आहे. रोटरीचं पातं नुसत्या वेगाच्या मारावर कापतं. सिकलमध्ये देठ बोटाच्या धारेवर धरला जाऊन कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. त्याला ताकद थोडी पुरते आणि कापलेली कांडी जिथल्या तिथे पडते.

मग पिटमन का मोडला? पट्टीलगत दोरी ताणून पाहिली. यंत्र थांबलेलं असताना अशा पट्टीचं बाहेरचं टोक थोडं पुढे ठेवलेलं असतं, फुटाला साधारण पाव इंच. म्हणजे सात फुटाला पावणेदोन इंच. चालताना गवताच्या ओढीने ते मागे येतं आणि सुरी व पिटमन एका रेषेत येतात. इथे ते टोक उभ्या उभ्याच इंचभर मागे होतं. कारण ते पाइप. अरुंद आणि खाली उघडे, त्यामुळे ओल्या जमिनीत नांगरासारखे रुतत गेले. पाय जितका लांब तितकी त्याची पिळण्याची ताकद जास्त. पट्टी मागे खेचली गेली, सुरी वाकडी पळू लागली आणि सगळा ताण लाकडाने खाल्ला. शिवाय आतली बाजू वर उचलल्याने पिटमनचा कोन बदलला होता. फेऱ्याच्या शेवटी पातं बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवं, ते पाव इंच अलीकडेच थांबत होतं. बोटांची टोकंही आभाळाकडे वळली होती.

पाइप कापून टाकले. त्यांच्या जागी चार इंच रुंद जाड पट्टी वाकवून, पुढून घसरगाडीसारखी उचललेली धाव बनवली आणि तिला शूच्या पुढून-मागून तिरके आधार दिले. उंचीसाठी भोकांची ओळ ठेवली, सहा इंचापासून दहापर्यंत. बाहेरच्या टोकाला चाक लावा असा म्हातारबुवांचा आग्रह होता. पण चाक पट्टीच्या बरंच मागे जातं. खड्डा आला की आधी पट्टी आपटते आणि मग चाकाला कळतं. थोडी वादावादी झाली, मालकाने माझी बाजू घेतली. मग वॉशर घालून पात्यांचा मध्य जुळवला, बोटं पुन्हा जमिनीला समांतर आणली, बिजागरीकडची झीज काढून टोक पुढे घेतलं. उचलणारी स्प्रिंग कसली, म्हणजे धावेवर भार कमी पडावा. नवा पिटमन शेल्फवर होताच. अशा लाकडी दांड्यांना इथे अजून गिऱ्हाईक आहे.

चार वाजता त्यांच्या रानात गेलो. पहिल्या दोन फेऱ्यांत बाहेरच्या धावेत गवत अडकत होतं. तिची पुढची कड ग्राइंडरने गोल केल्यावर थांबलं. त्यानंतर ट्रॅक्टर तिसऱ्या गिअरमध्ये सरळ चालला. तुरे आडवे पडत होते, खाली पानं तशीच हिरवी उभी. या उंचीवर दगड लागत नव्हते, उंदरांच्या मातीचे ढीग लागत नव्हते. चाऱ्याच्या कापणीत पाती निम्मी त्यांनीच तुटतात. एका ठिकाणी मेडोलार्क पक्षी पट्टीच्या पुढून उडाला. म्हातारबुवांनी ट्रॅक्टर थांबवला, उतरले, गवत बाजूला करून पाहिलं. घरटं जमिनीवर, अंडी शाबूत; पट्टी वरूनच गेली असती. ट्रॅक्टरचं चाक मात्र त्याच रेषेत येत होतं, म्हणून तेवढा तुकडा वळसा घालून सोडला.

संध्याकाळी त्यांनी बिल दिलं, कुरकुर न करता. दोन जादा पिटमन मागवून ठेवायला सांगितले, आणि शेजाऱ्याकडे गोठ्यात पडलेला असाच एक मोअर आहे, त्याला धावा करायला किती घ्याल, हेही विचारून घेतलं. मालक म्हणाला, बेलर संपू देत.