उणे वीस

ट्रायग्लिसराइड्सची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीची, आमच्या लॅबची स्वतःची रेंज काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. १२० निरोगी माणसं, सगळ्यांचं रक्त उपाशीपोटी घेतलेलं. शिकले होते तसंच केलं. सरासरी आली १३०, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, ७५. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन विचलनं मोजली, की साधारण ९५ टक्के माणसं आत येतात. वरची हद्द २८०. खालची उणे २०.

रक्तात उणे २० मिलिग्रॅम चरबी कुणाच्या असते?

मग आलेख काढून पाहिला. घंटेचा आकार नव्हताच. डावीकडे उभा चढ, उजवीकडे लांबलचक शेपूट. प्रसामान्य वितरणाचा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेल्या घंटेचा, हिशोब अशा आकड्यांना थेट लावायचाच नसतो. प्रत्येक आकड्याचा लॉगॅरिदम (मोठ्या आकड्यांना जास्त आखडणारं गणिती रूप) घेतला आणि शेपूट आवरली, दोन्ही बाजू सारख्या दिसायला लागल्या. त्यावर हिशोब करून परत मूळ आकड्यांत आणलं तर ३९ ते ३२९. फार समाधान वाटलं मला त्या दुपारी.

ते आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "यात १५० च्या वर किती जण आहेत?" मोजले. छत्तीस. रिपोर्टवर सगळे १५० छापतात, ती रेघ या आलेखातून आलेलीच नाही. हृदयविकाराचा धोका कुठून वाढतो ते बघून ती ठरवली आहे. माझी घंटा फक्त सांगत होती, किती लोक असे असतात. सगळ्यांचीच चरबी वाढली तर घंटाही उजवीकडे सरकेल आणि ३२९ ची रेघ तिच्याबरोबर जाईल. माणसांचा धोका मात्र वाढलेलाच. आम्ही १५० च ठेवलं.

सोडियमसारख्या तपासणीत मात्र हद्द निरोगी माणसांवरूनच ठरते. तिथे शंभरातले पाच निरोगी लोक बाहेर पडणारच, रेघच तशी मारलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचीही एखादी तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के.

परवा एका बाईंचा फोन आला. सोडियम १३४, रेंज १३५ पासून, आकडा ठळक छापलेला. आवाज कापत होता. "ताई, मला काय झालंय?" किती तपासण्या केल्यात ते विचारलं. बावीस. त्रास काही नव्हता, औषधंही चालू नव्हती. रेघ कशी मारतात ते त्यांना सावकाश सांगितलं, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. "म्हणजे आज झोपू ना?" त्यांनी विचारलं. झोपा म्हटलं.