भोलाराम आमच्या वर्गात

शाळेने केलेल्या संस्कारांविषयी लिहा, असं स्मरणिकेच्या संपादकांनी कळवलं आहे. माझ्यावरचा पक्का संस्कार हिंदीच्या तासाला झाला, आणि तो फारसा सात्त्विक नव्हता.

आमचे हिंदीचे सर अधूनमधून पाठ्यपुस्तक मिटून हिंदीतले व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई वाचायचे. परसाई राहिले जबलपुरात, पण एम.ए. आपल्या नागपूर विद्यापीठाचे. हे सांगताना सरांची कॉलर ताठ व्हायची. एकदा त्यांनी परसाईंची 'भोलाराम का जीव' ही कथा काढली. रिटायर होऊन पाच वर्षं पेन्शनची वाट पाहत भोलाराम मेला. आजार काय होता? बायको म्हणते, गरिबी. त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि नारद शोधायला जबलपुरात उतरतात. ऑफिसातला बाबू सांगतो, अर्ज आले होते, पण त्यांवर 'वजन' नव्हतं, उडाले असतील. नारद बिचारे टेबलावरचे पेपरवेट दाखवतात! शेवटी वजन म्हणून त्यांची वीणाच साहेबाकडे जाते. आम्ही बाक बडवत होतो.

"काऊन हासून राहिले बे? कोणाकोणाचे बाबा ऑफिसात आहेत, हात वर करा."

अर्धा वर्ग हात वर. सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांवर चूल पेटणारी घरं आमची. हशा आवरला, मग सरांनी शेवट वाचला. जीव सापडतो तो पेन्शनच्या फायलीत. नारद म्हणतात, चल, स्वर्गात तुझी वाट पाहताहेत. तो नाही म्हणतो. त्याचं मन त्या कागदांतच लागलेलं.

लाचखोराला चिमटा कोणीही काढतो. परसाई नागवल्या गेलेल्यालाही सोडत नाहीत, म्हणून ते मला फार वरचे वाटतात. स्वतःलाही कुठे सोडलं? लिखाणावर चिडलेल्यांनी त्यांना मारहाण केली, तर त्या मार खाण्यावर आणि सांत्वनाला येणाऱ्यांवरच त्यांनी व्यंग्य लिहिलं. 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा सरांनी पेढे वाटले असतील, पण तोवर मी शाळेतून बाहेर पडलो होतो.

पुढे मी बँकेत लागलो, पेन्शनच्या काउंटरवर. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यांची रांग. एक काका काठी टेकत आले, म्हणाले, "साहेब, मी जिवंत आहे बरं का!" दोघंही मनापासून हसलो. मग मी म्हटलं, "कागद दाखवा."