वेळापत्रकात आधी ऊन, मग मुहूर्त

माझ्या पुतणीचं लग्न मे महिन्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातच, दारासमोर मांडव टाकून. घरातली लेकरं मला मोठी आई म्हणतात, त्यामुळे लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक लिहायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. वहीच्या पहिल्या ओळीत मी मुहूर्त लिहिला नाही. लिहिलं, 'दुपारी 12 ते 4 कोणीही उन्हात नाही.'

मे महिन्यातच कशाला करता, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला येतो, मग तूर निघते, मग हरभरा, गहू. माल विकला की हातात पैसा येतो. 7 जूनच्या आसपास मृग लागला की सगळे पेरणीच्या मागे. शेतकऱ्याच्या घराला मोकळे महिने एप्रिल-मे एवढेच, आणि पारा 44-45 वर जातो तोही तेव्हाच.

आमच्याकडे पत्रिकेत मुहूर्त छापतात सकाळी अकरा-साडेअकराचा. वऱ्हाड येतं उशिरा. नवरदेव मारुतीच्या पाया पडून निघतो आणि मारुतीपासून मांडवापर्यंतच्या एवढ्याशा रस्त्याला दोन तास लागतात. अक्षता पडेपर्यंत दोन वाजतात. कन्यादान करणारे आईबाप तोवर उपाशी असतात, नवरीही. मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात नवरीची आई मंगलाष्टकं सुरू असतानाच खाली बसली. अंगावर जरीचा शालू, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि हातातली अक्षतांची मूठ तशीच घट्ट. मीठ-साखरेचं पाणी पाजलं तेव्हा तिने डोळे उघडले. पहिला शब्द काय, तर "वऱ्हाड जेवलं का?" तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या जाऊबाईंवर ती वेळ मला येऊ द्यायची नाही.

म्हणून गुरुजींना गोरज मुहूर्त विचारला. ते म्हणाले, खुशाल लावा. मेच्या मध्यात आमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. लग्न तेव्हा लावायचं. पण मग उपास आणखी लांबतो, हा प्रश्न जाऊबाईंनीच काढला आणि तो खरा होता. गुरुजींनी फराळाला हरकत नाही म्हटलं. आता दुपारी बारा वाजता नवरी आणि तिचे आईबाबा फराळ करतील, आणि तीनपर्यंत कूलरच्या खोलीत दार लावून आडवे होतील. सकाळच्या मुहूर्तात ही सोयच नसते, पहाटेपासून नुसती धावपळ.

व्याहीभाऊंना पटवायला वेळ लागला. "ताई, रात्री पोरं परत कशी येतीन?" असं ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. रात्रीच्या रस्त्याची भीती मलाही आहे. म्हणून गाड्यांचे ड्रायव्हर पहिल्या पंगतीला जेवतील आणि बिदाईपर्यंत शाळेत झोपतील. बिदाई दहाच्या आत. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागाही शाळेतच आहे. सुट्ट्या असल्याने वर्ग मोकळे मिळाले. वऱ्हाड चारला उतरलं की आधी कैरीचं पन्हं, मग चहा.

वरात साडेपाचला मारुतीपासून निघेल. नवरदेवाचे मित्र नाचणार, नाचलंच पाहिजे, तो त्यांचा दिवस आहे. पण साडेसहाला वाजंत्री मांडवाच्या तोंडाशी थांबतील, हे बँडवाल्यांशी सुपारी देतानाच बोलून घेतलंय.

सगळ्यात कामाचं बोलले ते आमचे आचारी. "मले मुहूर्त नका सांगू, पहिली पंगत कव्हा बसते थे सांगा." तेव्हापासून मी सगळं पंगतीवरून मोजायला लागले. पहिली पंगत पाच वाजता, लग्नाच्या आधी. म्हातारी माणसं, लेकरं, लांबच्या गावचे लोक. आमच्या आत्याबाईंना हे रुचलं नाही, अक्षता पडायच्या आधी पंगत कशी उठवायची म्हणून. मला मात्र सत्तरीच्या माणसाला रात्री नऊपर्यंत ताटकळत ठेवणं जास्त अशुभ वाटतं. बुंदी आदल्या रात्रीच पाडून होईल. आलू-वांग्याची भाजी तीनला भट्टीवर चढेल. वांगी आधीपासून चिरून ठेवायची नाहीत, काळी पडतात; चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात. मठ्ठा शेवटी, बर्फ आल्यावर. श्रीखंड, बासुंदीचा हट्ट मी मोडून काढला. या उन्हात दुधा-दह्याच्या गोडाचा भरवसा नाही, आणि वऱ्हाड आजारी पडलं तर पोरीला सासरी आयुष्यभर ऐकावं लागतं.

संध्याकाळच्या लग्नाला एकच मोठी धास्ती, वादळाची. मेमध्ये दिवसभर तापलं की चार-पाचनंतर आभाळ भरून येतं आणि धुळीचं वारं सुटतं. मांडवाच्या खांबांना जमिनीत खुंट्या ठोकून दोर बांधायला सांगितलेत, प्रवेशाला उंच कमान नको म्हटलं, आणि फारच झालं तर लग्न शाळेच्या व्हरांड्यात. लाइट गेली तर जनरेटर आहे. मोठे दिवे पंगतीपासून लांब लावायचे, नाहीतर किडे थेट वरणात.

आहेर-फोटो साडेसातनंतर, त्याला मी फार जागा दिलेली नाही. साडेआठला मात्र लाल पेनाने लिहिलंय, 'नवरीचे आईबाबा जेवायला.' त्या वेळी पाहुण्यांना निरोप द्यायला आणि आहेर घ्यायला भाऊजींच्या जागी आमचे हे बसतील, आणि ताटं मी स्वतः वाढणार आहे.