शंभरचं पेट्रोल आणि नानांची गाडी

मे महिन्यातली दुपार, अडीच-पावणेतीनची वेळ. अंबड लिंक रोडवरच्या माझ्या गॅरेजपुढे एक पिकअप थांबली, मागे टोचन लावलेली नानांची गाडी. नाना पिकअपमधून उतरले ते हातात पाण्याची बाटली घेऊन. बाटलीत पाणी नव्हतं, पेट्रोल होतं.

“मिस्तरी, आधी हे तपास. गाडीचं मागून बघू. भेसळ आहे यात. त्या पंपवाल्याला मी सोडत नसतो.”

नाना दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. गाडी बाराशे सीसीची, पेट्रोल, नऊ वर्षांची, पहिल्यापासून माझ्याच हाताखालची. कल्याणला नात्यातली मुंज उरकून मंडळी परत येत होती. समृद्धीनं या, घाट टळेल, असं जावयांनी सांगितलेलं. नानांनी टोल वाचवायला जुना कसारा घाट धरला. गाडीत पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या, एसी चालू. घाट जवळजवळ संपत आला आणि लाल दिवा लागला. तिथं थांबायला जागा नव्हती, म्हणून तशीच इगतपुरीपर्यंत रेटली. मग ती बसली ती बसलीच.

बाटलीतून पेट्रोल आणल्याबद्दल मी आधी नानांना दोन शब्द सुनावले. मेच्या उन्हात प्लास्टिकच्या बाटलीतलं पेट्रोल मांडीवर घेऊन पन्नास किलोमीटर यायचं म्हणजे काय! मग ड्रॉवरमधून फिल्टर पेपर काढला. पंपावर मागितला तर हा कागद द्यावाच लागतो, पण मागतं कोण? कागदावर एक थेंब टाकला. नाना, जावई आणि माझा हेल्पर, तिघंही वाकून बघत राहिले. दोनेक मिनिटांत थेंब उडाला. कागद कोरा, डाग नाही, तेलकट कडा नाही.

“म्हणजे चांगलं आहे?”

“रॉकेल-डिझेल नाही यात, एवढं नक्की. ऑक्टेन किती ते या कागदावर कळत नाही. त्याला प्रयोगशाळेत वेगळं इंजिन असतं.”

तोवर हेल्परनं डिपस्टिक ओढली होती. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. रेडिएटरचं झाकण उघडून स्टार्टर मारला तर आत बुडबुडे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्यामधली सीलची पट्टी, गेलेलं होतं. ते बघताना मला फेब्रुवारीतला एक फोन आठवला आणि पोटात गोळा आला.

फेब्रुवारीच्या शेवटी नानांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीखाली होतो, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. “चढाला इंजिनातून आवाज येतो रे, डब्यात खिळे हलवल्यासारखा. सपाटीला काही नाही.” नॉकिंग. एवढं वर्णन पुरे होतं. खरं तर मी म्हणायला हवं होतं, गाडी घेऊन या. मी म्हणालो, “शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकून बघा नाना.” आठ दिवसांनी पुन्हा फोन. “आवाज गेला, मिस्तरी! पिकअप पण वाढलं!” मी खूश झालो. तिथंच माती खाल्ली.

नॉकिंग म्हणजे काय ते मी गिऱ्हाइकाला फटाक्यांच्या माळेवरून सांगतो. माळ एका टोकाला पेटवली की लवंगी एकामागून एक वाजत शेवटापर्यंत जातात. इंजिनातही प्लगनं ठिणगी टाकली की आग तिथून सुरू होऊन सिलिंडरभर पसरत जाते. पण पलीकडच्या कोपऱ्यातलं, अजून न पेटलेलं मिश्रण मधल्या वेळात दाबलं जातं, तापतं. फार तापलं तर आग पोचायच्या आधीच ते स्वतःहून एकदम उडतं, माळेच्या शेपटाला कुणी मधूनच काडी लावावी तसं. तोच तो खिळ्यांचा आवाज. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो, की हे कोपऱ्यातलं मिश्रण दाब आणि उष्णता किती सोसेल. आयसो-ऑक्टेन नावाचं रसायन शंभर धरायचं, हेप्टेन शून्य. ९१ म्हणजे चाचणीच्या इंजिनात ते पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. शंभरच्या पेट्रोलमध्ये दम जास्त असतो हा समज काही केल्या जात नाही. आकडा वाढला म्हणून लिटरमागची ऊर्जा वाढत नाही. उलट इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. म्हणून २० टक्के इथेनॉल आल्यावर साध्या पेट्रोलचा आकडा चढला आणि अ‍ॅव्हरेज उतरलं. निफाडकडची ऊस लावणारी माझी गिऱ्हाइकं यावर काही बोलत नाहीत. बाकीचे सगळे बोलतात.

हेड उतरवायला संध्याकाळ झाली. नाना घरी गेले नाहीत, स्टूल ओढून बसले.

आधी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मी टॉर्चच्या उजेडात धरला आणि हेल्परच्या हातात भिंग दिलं. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्यात दोन-तीन चमकणारे बारीक मणी. ते मणी म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, वितळून उडालेलं. हेड वर उचललं तर त्याच पिस्टनची कड वाळवीनं कुरतडल्यासारखी. गॅस्केटची दोन आणि तीनच्या मधली पातळ पट्टी जळून काळी पडलेली. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, सारली. ०.०५ मिलिमीटरचं पान सहज गेलं. ०.१० चंही गेलं. हेड वाकलं होतं.

“म्हणजे पेट्रोलनंच झालं ना?” नाना म्हणाले. “शंभर टाकत होतो तोवर ठीक होतं. या खेपेला कल्याणमध्ये टाकी खडखडीत झाली, तिथल्या पंपावर शंभर नव्हतं, साधं भरलं. आणि हे असं.”

ऐकायला बरोबर वाटतं. जावयांनीही मान डोलावली. मी गाडीचं पेट्रोलचं झाकण उघडून आतलं स्टिकर दाखवलं. किमान ९१.

आपल्याकडे बरीच वर्षं साधं पेट्रोल किमान ९१ चं होतं, आणि आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं ते ९५ चं. म्हणजे या गाडीला जेवढं लागतं त्यापेक्षा पंपावरचं साधं पेट्रोलच चार पावलं पुढे. तरीही ती खिळे वाजवत होती. हे मला फेब्रुवारीत फोनवरच खटकायला हवं होतं. त्याहून जास्त खटकायला हवा होता तो नानांचा दुसरा फोन. धडधाकट गाडीत ९१ च्या जागी शंभर ओतलं तर तिला फरक पडत नाही. नानांना पिकअप वाढल्यासारखं वाटलं, आणि ते खरंच वाढलं होतं, कारण नॉक सेन्सर आवाज पकडून ठिणगी उशिरा टाकायला लावत होता, इंजिनाचा गळा आवळलेला होता. शंभरनं तो सैल केला. फरक जाणवला हीच आजाराची खूण होती, आणि मी तिला गुण आला समजलो.

मग आजार काय? तो सापडला रात्री आठ वाजता, पुढचा बंपर काढल्यावर.

कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरपुढची एसीची जाळी, समोरून स्वच्छ. नाना दर आठवड्याला पाइप मारून गाडी धुतात. पण कंडेन्सरच्या मागे, तो आणि रेडिएटर यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत, मी टॉर्च मारला आणि आधी वाटलं आत कुणी घोंगडी कोंबली आहे. धूळ, वाळकं गवत, माशांचे पंख, आणि या सगळ्याला धरून बसलेला पिवळट थर. स्क्रू ड्रायव्हरनं कड उचकटली तर तो सायीसारखा अख्खा सुटून आला. हेल्परनं वास घेतला. “काडेपेटीसारखा येतोय, शेठ.”

गंधक. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी नाना हंगामभर बागेवर गंधकाची भुकटी मारतात, ब्लोअरनं. आणि गाडी उभी असते बागेच्या कडेच्या शेडमध्ये, तोंड बागेकडं. हंगामामागून हंगाम ते चाललं होतं, वर पाइपच्या पाण्यानं सगळं आत ढकललं जात होतं.

नाना तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पण काटा तर मध्यावर होता रे. मी बघत होतो ना.”

त्यांची चूक नव्हती. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दामच असा ठेवलेला असतो, की कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ८५ अंशांवर असो की १०० वर, तो मध्यावरच दिसतो. हलायला लागतो तेव्हा फार वेळ उरलेला नसतो. सपाटीला हवा जोरात लागते, म्हणून निभत होतं. चढाला वेग कमी, वजन जास्त, एसी चालू, रेडिएटरला हवाच नाही. इंजिन तापलं की कोपऱ्यातलं मिश्रण तापतं आणि खिळे वाजतात. तो आवाज म्हणजे गाडीची तक्रार होती. मी नानांना शंभरचं औषध दिलं, तक्रार बंद झाली, ताप तसाच राहिला. तीन महिने. कल्याणहून साधं भरून निघाल्यावर ती पुन्हा वाजली असणार, पण मुलांची गाणी चालू होती, काचा बंद. कुणी ऐकलं नाही.

जावई पुण्याला आयटीत आहेत. त्यांनी मध्येच मोबाइल पुढे केला. “पण अमेरिकेत तर ८७ टाकतात. तिकडं माझा भाऊ सर्रास भरतो. मग आपल्याला ९१ कशाला?” हा प्रश्न चांगला होता. तिकडचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात. ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत, एक जरा सौम्य, दुसरी कडक, आणि कडक रीतीत त्याच पेट्रोलचा आकडा कमी येतो. आपण पंपावर सौम्य रीतीचा आकडा लिहितो, ते दोन्हींची सरासरी लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. बाहेरून आलेल्या गाडीचं स्टिकर वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर कुणी ९१ वाचून ९१ टाकतं आणि ती बिचारी मागत असते ९५-९६.

“मग हे शंभर घ्यायचं कुणी?” नाना चिडलेलेच होते. इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला शंभर ऑक्टेनचं पेट्रोल काढलं, तेव्हा दिल्लीत ते १६० रुपये लिटर होतं. नानांनी तीन महिन्यांत किती रुपये जास्तीचे ओतले असतील याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू असणार. मी सांगितलं, ज्यांचं कॉम्प्रेशन खूप जास्त, ज्यांना जोरकस टर्बो आहे, किंवा ज्या पोरांनी गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतलीय, त्यांनी. झाकणाच्या आत ९५ किंवा ९८ लिहिलं असेल तर मुकाट्यानं ऐकायचं. गंगापूर रोडला अशा दोन गाड्या माझ्याकडे येतात, त्यांना मी साधं टाकू देत नाही. तुमची त्यातली नाही.

मग मी जे सांगायचं टाळत होतो ते सांगून टाकलं. “नाना, फेब्रुवारीत मी गाडी बोलावून घ्यायला हवी होती. बंपर काढायला अर्धा तास लागतो.”

नाना म्हणाले, “मग बोलावली का नाहीस?”

मला उत्तर नव्हतं.

हेड सातपूरला लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, पाठवलं. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवून तिसरा पिस्टन बदलला, रिंगा चारही सिलिंडरच्या नव्या. फटीतला गाळ दोन्ही बाजूंनी, हलक्या दाबाच्या पाण्यानं, उलट दिशेनं काढला. जोरात मारलं तर पंख वाकतात. पाचव्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन घोटीच्या पुढे गेलो, तसाच घाट उतरलो आणि परत चढलो. चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम ओढली, एसी चालू, काचा उघड्या, स्कॅनर शेजारच्या सीटवर. टाकीत साधं पेट्रोल. कुलंट ९४ च्या वर गेलं नाही. काही वाजलं नाही.

सामानाचे आणि लेथचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. नानांनी आग्रहही केला नाही. जाताना एवढंच म्हणाले, की गाडीचं तोंड आता शेडच्या भिंतीकडं करून लावतो.

बाटली गॅरेजमध्येच राहिली होती. पेट्रोल वाया कुठं घालवणार, मी माझ्या मोटरसायकलमध्ये ओतलं. तीन-चार दिवस चालली, काही कुरकुर नाही.