पुराची बॅग, महिना तिसरा : बंदुकीचं ठरलं एकदाचं

पूर आला की उचलून निघता येईल अशी एक बॅग मी तयार करतोय, मागच्या दोन महिन्यात ती बाकी सगळी बसली. कागदपत्रं, आण्णांच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, दोरी, पॉवर बँक, लाईफ जॅकेट सगळं जागेवर. राहिला होता बंदुकीचा प्रश्न, आणि खरं सांगतो सगळ्यात जास्त डोकं त्यातच गेलं.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, आमचं गाव सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या बाजूला, कृष्णा नदी घरापासून चालत दहा मिनिटं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला (पुराची पातळी तिथंच मोजतात) पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही नेसत्या कपड्यानिशी बाहेर पडलो आणि आण्णांची बारा बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, कपाटातच राहिली. आठ दिवसांनी आलो तर कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं उघडलं. नळ्या गाळानं भरलेल्या आणि तो गाळ आत वाळून विटेसारखा झालेला, दस्ता (खांद्याला लावायचं लाकूड) फुगलेला, नळीखालचं लाकूड काही केल्या निघेना. काडतुसांच्या पितळी बुडाला हिरवट बुरशीसारखं धरलेलं. आण्णा म्हणाले, "हिला कुणी हात लावायचा नाही, आधी मिस्त्री." तेच बरोबर होतं, नळीत मूठभर गाळ राहिला आणि कुणी बार काढला तर नळी फाटून हातातोंडावर येते. नळ्या वाचल्या पण आतून गंजाचे बारीक खड्डे पडले ते कायमचे. भिजलेली काडतुसं वाळवून वापरायची नसतात, ती गेलीच.

मधल्या काळात लायसन माझ्या नावावर झालं. २०१६ च्या शस्त्र नियमात परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं तर वारसाकडं देता येतं, आण्णा दोन्हीत बसत होते. २०१९ च्या दुरुस्तीनं एका लायसनवर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे मला अजून एक घ्यायला जागा होती. म्हणून मी .३२ बोरच्या छोट्या रिव्हॉल्वरच्या मागं लागलो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं निर्भीक जेमतेम ५०० ग्रॅमचं, २०१४ ला आलं तेव्हा किंमत १ लाख २२ हजारांच्या आसपास. आमची दुनळी तीन किलोच्या वर आणि नळी ३० इंची. बॅगेत काय बसेल हे सांगायला नकोच. एक महिना मी रिव्हॉल्वरच घ्यायचं धरून चाललो होतो.

मग एका रात्री लायसनमागच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. त्यात आहे की खास परवानगी नसेल तर हत्यार जत्रेत, मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात न्यायचं नाही. मी उठून बसलो. आपल्याकडं पूर आला की माणसं राहतात कुठं? झेडपीच्या शाळेत. २०१९ ला आम्ही शाळेतच होतो, एका वर्गात सहा कुटुंबं, लहान पोरं पायात घुटमळणारी. तिथं कमरेला किंवा बॅगेत हत्यार ठेवून मी झोपणार? कायद्यानं नाही आणि मनानं तर नाहीच. खरं म्हणजे छोटं हत्यार जास्त वाईट, कारण ते "असू दे, कुणाला दिसत नाही" म्हणून सोबत येतं.

आणि पुरात ते लागणार कशाला, हाही प्रश्न स्वतःला विचारला. साप येतात, मगर येते (औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे नवीन नाही), उसात बिबट्या असतो. मगर आणि बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहेत, साप दिसला म्हणून छर्रे मारायचे हे पण चालत नाही. त्यासाठी मोबाईलमध्ये १९२६ सेव्ह केला, वनविभागाची हेल्पलाईन. राहिली बंद घरातली चोरी, तर घरात मी नसणार, बंदूक असणार, म्हणजे चोराला आयती बंदूकच मिळणार.

तेव्हा निर्णय असा: नवीन काही घ्यायचं नाही. दुनळीच ठेवायची, आणि बॅगेचं काम बंदूक वापरायला सोबत ठेवणं नाही तर ती वेळेत सुरक्षित जागी पोचवणं. आयर्विनला ३५ फूट झालं की, म्हणजे ४० च्या इशारा पातळीच्या आधी, रस्ता चालू असतानाच लायसनवाल्या डीलरकडं जमा करायची आणि पावती कागदपत्रांच्या पाऊचमध्ये. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की तयारीला लागायचं. एकानं सुचवलं की नळी थोडी कापून घे म्हणजे बॅगेत बसेल. मित्रांनो हे कुणीच करू नका, शस्त्र कायद्याच्या कलम ६ नं नळी तोकडी करणं गुन्हा आहे. दुनळी तशीही तीन तुकड्यात सुटते, नळ्या, खालचं लाकूड आणि दस्ता. सुटी केल्यावर लांबी नळीएवढीच.

या रविवारी त्याचीच ट्रायल घेतली. लांब ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी न शिरणारी पिशवी), आत बंदुकीऐवजी तेवढ्याच वजनाचे पाईपचे तुकडे आणि वर्तमानपत्र, आणि सगळं शेतातल्या सिमेंटच्या हौदात दगड बांधून चोवीस तास बुडवून ठेवलं. काढलं तर पेपरचा एक कोपरा ओला. तोंडाला दोनच घड्या घातल्या होत्या. परत चार घड्या घालून बुडवली, या वेळी पेपर कोरडा, चुरचुरीत. दगड सोडल्यावर बॅग वर तरंगते हे पण बघून घेतलं, कारण होडीतून हातातनं सुटली तर सापडली पाहिजे.

मग खऱ्या बंदुकीवर. नळ्या उघडून आत काही नाही हे आधी उजेडात बघितलं, मग आण्णांनी पण बघितलं, मग सुटी करून तेलाचं फडकं फिरवून सिलिका जेलच्या पुड्यांसकट बॅगेत. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलूप लावून, लायसनवर आहेत तेवढीच मोजून. कपाटापासून गाडीपर्यंत अकरा मिनिटं लागली. त्यातली चार मिनिटं नुसती काडतुसांच्या डब्याची किल्ली शोधण्यात गेली, ती आता आईच्या गंठणाच्या डब्यात ठेवलीय, तो डबा ती कुठल्याही पुरात विसरत नाही.

पुढच्या महिन्यात हेच रात्री, लाईट घालवून, पावसात करून बघणार आहे. डीलरशी पण बोलून ठेवलंय, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा काय करायचं ते तेवढं अजून ठरायचंय.