मान उचलल्यावर डोळा कुठे जातो? कुत्रा आणि गाय तपासताना

तोल जाणारा, मान तिरकी धरणारा कुत्रा आला की मी त्याला स्टीलच्या टेबलावर घेत नाही. पाय घसरले की तो मान ताठ करतो आणि डोळ्यांची हालचाल नीट कळत नाही. जमिनीवर रबरी मॅट टाकायची आणि हात लावण्याआधी डोळे आपोआप थरथरतात का ते बघायचं. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींत मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात. त्यांची मान दुखत असेल, किंवा कोणताही कुत्रा उंचावरून पडला असेल, तर मान अजिबात वळवायची नाही, मज्जारज्जू दबेल.

बाकीच्यांचा जबडा दोन्ही हातांत धरून डोकं डावी-उजवीकडे फिरवतो. डोळा आधी मागे रेंगाळतो, मग डोकं वळतंय त्याच बाजूला झटक्याने येतो. हे निरोगीपणाचं लक्षण. डोकं थांबलं की झटकेही थांबले पाहिजेत.

मग हनुवटी छताकडे. दोन्ही बुबुळं पापण्यांच्या मधोमध राहायला हवीत. एक डोळा खाली घसरून वरचा पांढरा भाग दिसला, तर बहुधा त्याच बाजूच्या, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात किंवा त्याच्या नसेत बिघाड असतो. इथे फसायला होतं ते गालाची कातडी ओढली गेल्याने: पापणी सरकते आणि डोळाच घसरल्यासारखा वाटतो. म्हणून बोटं हाडाखाली हवीत. समोर बिस्कीटही धरायचं नाही, कुत्रा त्याच्यावर नजर रोखतो. पगचं पांढरं एरवीही दिसतं, तेव्हा दोन्ही डोळे ताडून बघावेत.

शेवटी हळूच पाठीवर झोपवतो. डोळ्यांचे दडलेले झटके इथे उघड होतात. ते वर-खाली असले, किंवा अंगाची स्थिती बदलल्यावर दिशा बदलू लागले, तर संशय मेंदूवर जातो. जुलाबावर देतात ते मेट्रोनिडॅझोल हे औषध चालू आहे का, हे मालकाला तेव्हा विचारायलाच हवं. त्याचा डोस जास्त झाला तरी असंच दिसतं.

गाईला मात्र हा नियम लावू नये. तिची मान उचलली की बुबुळं खाली जातात, आणि ते नैसर्गिक आहे, घोड्याचंही तसंच. गोचीड तापाच्या तपासणीत मी याचाच उपयोग करतो. एका हाताने शिंग, दुसऱ्या हाताची बोटं नाकपुड्यांत, आणि डोकं बाजूला पिळायचं. डोळा डोक्याइतका फिरत नाही, त्यामुळे पांढरा भाग उघडा पडतो. पांढराफटक, रक्तवाहिन्या पुसट म्हणजे रक्तक्षय. पिवळट झाक म्हणजे कावीळ. गोठ्यातल्या पिवळ्या बल्बखाली ही झाक लपते, म्हणून गाय आधी बाहेर उजेडात बांधून घ्यावी.